बक्षिसाचं घड्याळ

मुंजाजीकाकांना कुणी अडाणी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. हिंगोलीच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते कापसाच्या गाठींवर पत्र्याचे साचे ठेवून इंग्रजी अक्षरं रंगवायचे. वाचता येत नव्हतं, पण कळपातली आपली शेळी ओळखावी तसं ते एकेक अक्षर ओळखायचे.

एकोणीसशे एकोणचाळीस सालची गोष्ट. तिथल्या मुनीमाला मुंबईच्या इंग्रजी पेपरातल्या कोड्यांचा नाद होता. त्या आठवड्यात जी, आर, ई आणि ए ही चारही अक्षरं असलेले वीस शब्द शोधायचे होते. मुनीमाचं गाडं अठरावर अडलं आणि तो दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिला. शेवटी काका ते चार साचे हातात घेऊन फॅक्टरीभर हिंडून आले.

"मुनीमजी, ही चारी अक्षरं वंगणाच्या डब्यावर हायेत. अन् इंजिनखोलीच्या पाटीवर बी हायेत, मागंपुढं झालेली."

ग्रीस आणि डेंजर. वीस शब्द पुरे झाले.

बक्षिसात भिंतीवरचं घड्याळ आलं. पेपरात नाव छापून आलं एकट्या मुनीमाचं. काकांना कुणी साधा चहासुद्धा विचारला नाही. घड्याळ फाटकाशी टांगलं आणि पहिल्याच सोमवारी मुनीम त्याच्याकडे बोट करून काकांवर ओरडला, "पाच मिनिटं उशीर! अडाणी लेकाचा, घड्याळ तरी कळतं का?"

काका साचे उचलून कामाला लागले. दुपारी तोच मुनीम नवं कोडं घेऊन गाठींपाशी आला. काकांनी हातातला ब्रश थांबवला नाही.

"कामाचा वखत हाय, मुनीमजी," ते म्हणाले. "तिकडं माझं घड्याळ बघून राहिलंय."