काजबाईंच्या फॉर्मवरची सही

आमच्या वृद्धाश्रमात तिला सगळे काजबाई म्हणायचे. चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात बसून तिनं फक्त काजं केली, तीही हातानं. शर्ट दुसऱ्यांनी शिवायचे, काजं हिनं. नवं माणूस आलं की हिची नजर आधी त्याच्या बटणांवर. माझा युनिफॉर्म बघून म्हणाली, "सिस्टर, ही काजं उंदरानं कुरतडलीत का?" फटकळ होती, पण मला आवडायची.

शेवटच्या आजारपणात कोणाला काय हवं, काय नको, ते आधीच लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. भल्याभल्यांची दातखीळ बसते. एक रिटायर्ड हेडक्लार्क तर म्हणाले, "तुम्हालाच माझी एवढी घाई का झालीय?" काजबाईनं मात्र चष्मा पुसला आणि सांगायलाच लागली. "नाकात नळी नको. मशीन नको. इथंच, या खाटेवर. आणि माझे हात बांधायचे नाहीत." शेजारच्या खाटेवरची आजी हॉस्पिटलात नळी उपसायची, म्हणून तिचे हात बांधून ठेवले होते. हिनं ते भेटायला जाऊन पाहिलं होतं.

फॉर्मवर खाली नातेवाइकाची सही लागते. सहीशिवाय तो फाइलला लावत नाहीत. "मुलाला तूच सांग बाई," ती म्हणाली. "मी विषय काढला की तो रडतो, मग मलाच त्याची समजूत घालावी लागते."

सांगते म्हणाले. पण भेटीच्या रविवारी नातेवाइकांशी वाईट काही बोलायचं नाही, अशी आमच्याकडे गोडगोड रीत आहे. महिन्यातून एकदा येतात बिचारे, हसत जाऊ देत. तो यायचा, आईचे पाय चेपायचा, निघताना मला विचारायचा, "सगळं ठीक ना?" मी म्हणायचे, "एकदम." असे चार रविवार गेले. काजबाई दर वेळी विचारायची, "झाली सही?" पुढच्या वेळी नक्की, म्हणायचे मी. माझ्या मेलीची जीभ कुठे झडली होती कोण जाणे.

मग एका सकाळी तिला धाप लागली. मुलगा धावत आला, डॉक्टरांना म्हणाला, "जे जे करता येईल ते करा." मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं, तर चार महिने काय करत होतात, हे त्यानं आधी विचारलं असतं. म्हणून गप्प बसले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

तिला हॉस्पिटलात नेलं. जीव जायला अकरा दिवस लागले. मी एकदाच गेले. नाकात नळी, दोन्ही मनगटं बँडेजनं खाटेच्या कठड्याला बांधलेली. तिनं मला ओळखलं. मला तिथं पाच मिनिटंही थांबवेना.

नंतर मुलगा तिचं सामान न्यायला आला. कपाट रिकामं करताना त्याचे डोळे भरून आले. "आम्ही काही कमी पडू दिलं नाही ना, सिस्टर? तिलाही हेच हवं असणार."

फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात होता.

"हो," मी म्हणाले. "तिलाही हेच हवं होतं."