हबशाच्या थडग्यावरचा दगड

रायगड बघावा तर पावसाळा नुकताच सरल्यावर, असं माझं ठाम मत. म्हणून नवरात्र संपताच ऑफिसातल्या नसीमला गाडीत घातलं आणि पुण्याहून ताम्हिणीमार्गे महाड गाठलं. नसीम मुरुडकडची, सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेले, ज्यांना आमच्याकडे हबशी म्हणतात. रायगड सिद्दींच्या ताब्यात होता तेव्हा तिचा एक पूर्वज गडावर मोठा अंमलदार होता आणि याच खोऱ्यात कुठेतरी वारला, असं तिच्या घरात सांगतात. कबर कुणालाच ठाऊक नाही. "सापडायची नाहीच, पण अब्बांना सांगता येईल, शोधून आले म्हणून," ती म्हणाली.

महाड ते पाचाड वळणं फार, गाडी लागणाऱ्यांनी पोटभर खाऊन निघू नये. पाचाडला दीडशे रुपयांत पिठलं आणि तांदळाची भाकरी मिळते. वाढणाऱ्या बाईने नसीमकडे बघत मला विचारलं, "पावनी कुठल्या देशातली?"

उत्तर नसीमनेच दिलं. "याच जिल्ह्यातली हाय गो मी. ठेचा वाढ."

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्यांदा.

रोपवेला सकाळीच जा, नंतर रांग लागते. वर आमच्या गाईडने सिद्दींचा सगळा काळ "मग गड शत्रूकडं गेला" एवढ्यात उरकला. नसीमने त्या काळातलं काही उरलंय का विचारलं, तर त्याने ऐकलंच नसल्यासारखं केलं. मी तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. फोटो काढत राहिले.

मुक्काम पोलादपूरच्या पुढे माझ्या आत्याकडे. आत्याने नसीमला घावणे खाऊ घातले, तिच्या केसांत अबोली माळली. सकाळी बाजाराला म्हणून तीही गाडीत बसली. वाटेत एका वळणावर दगडांचा मोठा ढीग आहे. तिथे थांबून एक दगड टाकल्याशिवाय आमच्याकडचं कुणी पुढे जात नाही. मी सवयीने उतरले आणि एक दगड नसीमच्याही हातात दिला. "टाक, प्रवास सुखरूप होतो."

तिचा नेम छान. दगड बरोबर मधोमध बसला, तशी ती खूश झाली. "कोण आहे इथे? देव?"

मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं, तरी तिच्या हातात दगड देताना माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आत्याच गाडीतून मायेने म्हणाली, "देव नाय गो बाय. हबशी पुरलाय. गडावरचा कोन मोठा अंमलदार होता म्हंतात. परत उठू नये म्हनून दगड मारायचा."

नसीम ढिगापाशी वाकली आणि एकेक दगड उचलून बघू लागली. "माझा कुठला, तेच कळत नाही," ती पुटपुटली. मला मान वर करवेना. तेवढ्यात आत्याने हाक मारली, "चला गो, बाजार उठंल." आणि मी, लिहितानाही लाज वाटते, नसीमला नुसतं "चल" म्हटलं.

आत्याला बाजारात उतरवलं आणि कशेडी घाटाचा बेत रद्द केला. सरळ पुण्याला परतलो.

येऊन आठवडा झाला. फोटो सुंदर आलेत, जरूर जा. काल नसीम डबा खायच्या वेळी माझ्या टेबलाशी आली. "अब्बांना सांगितलं. ते म्हणतात, कबर आपल्या पूर्वजाचीच असेल. त्यांना तिथे फातिहा पढायचाय. त्याआधी तुझ्या लोकांना सांगून ते दगड काढून घे."

मी हो म्हटलं. आत्याचा फोन येतोच. तुझी मैतरीण लय गोड, परत आन तिला, म्हणते. नसीम मुरुडची, एवढंच मी आत्याला सांगितलं होतं. ती सिद्दी आहे, हे अजूनही सांगितलेलं नाही.