खंडेनवमीला पुजलेली घोडी

संध्याकाळी शाळेतून घरी आले की मी घोडीवर बसते. घोडी टीव्हीच्या पडद्यावरची, मध्ययुगातल्या कुठल्याशा थंड देशातली. आणि मी पन्नाशी उलटलेली, धारवाडातल्या एका शाळेत गणित शिकवणारी बाई. धाकटा भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा हा खेळ आमच्या धारवाडच्या घरी सोडून गेला. धूळ खात पडण्यापेक्षा बघू तरी, म्हणून कंट्रोलर हातात घेतला आणि अडकले.

खेळात करण्यासारखं पुष्कळ आहे. कुणाची हरवलेली मेंढरं शोधायची, कुठल्या सरदाराचा निरोप पोचवायचा. मी त्यातलं फारसं काही करत नाही. लगाम सैल सोडते. घोडी आपल्या मनाने पायवाट धरते, दोन्ही बाजूंना ओलं गवत डुलत असतं, धुक्यातून कुठलीशी घंटा ऐकू येते आणि टापांच्या आवाजात दिवसभराच्या वह्या, बेरजा, पोरांचा गोंगाट सगळं विरून जातं. कुरण संपलं की एक तळं लागतं. तिथे पोचले की आपण कुठे आहोत हे मला क्षणभर कळत नाही. आमच्या गावच्या केलगेरीच्या तळ्यावरही संध्याकाळी असाच उजेड पडतो, पाणी आणि आभाळ एकाच ताग्यातून फाडल्यासारखं. मागे दिवाणावर आई वाती वळत बसलेली असते. आम्ही दोघी त्या तळ्याकडे बघत राहतो.

खऱ्या तळ्यावर आम्ही दोन वर्षं गेलो नव्हतो. आधी रोज जायचो, स्कूटर मी चालवायची आणि आई मागे. एक दिवस तळ्याच्या वळणावर डुक्कर आडवं आलं. आमच्याकडच्या डुकरांना रहदारीचे नियम कधीच लागू नव्हते. ते आपल्या वाटेने निघून गेलं आणि आम्ही रस्त्यावर. मला खरचटलं, आईचं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण "तळ्यावर जाऊ या" असं ती पुन्हा म्हणाली नाही. तिला माझ्या मागे बसायची भीती वाटते, असं मी धरून चालले. विचारलं नाही, कारण ती "नको" म्हणाली असती तर मला सोसलं नसतं. स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली गेली, मी बसने शाळेला जाऊ लागले. आईचं फिरणं स्वयंपाकघर ते अंगण एवढंच उरलं. तिला परत एकदा मागे बसवून न्यावं, याशिवाय मला दुसरं काही नको होतं आणि तेच विचारायचा धीर होत नव्हता.

पायवाटेवर दरोडेखोर भेटतातच. मग तलवार काढावी लागते. माझं डोकं मुळात गरम, त्यामुळे सुरुवातीला दिसेल ते बटण दाबत सुटायचे आणि मार खायचे. या खेळात दणादण वार करणारा हमखास मरतो. समोरच्याचं कोपर हललं की थांबायचं, त्याचं पातं अगदी अंगावर आलं की अडवायचं, आणि मग आपला एकच वार. तिघे-चौघे असले तर मागे मागे सरकत सगळ्यांना नजरेसमोर ठेवायचं. भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या बाईला हे आधीच कळायला हवं होतं.

"भांडतीस कशाला? साकु. पुढं चल की," आई मागून म्हणायची. साकु म्हणजे पुरे. आमच्या घरी बोलणं मराठीत आणि रागावणं कन्नडमध्ये.

गेल्या खंडेनवमीला आईने पाटावर हत्यारं मांडली. विळी, कात्री, माझी कंपासपेटी आणि मधोमध कंट्रोलर. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"आई, ते खेळायचं आहे."

"तुझी तलवार त्यातच आहे की. मग हत्यारच झालं."

पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, तेव्हा घोडीलाही सुट्टी मिळाली. आईने ताडपत्री काढून स्कूटरलाही हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी नेण्याचं काम भावाचं. त्या वर्षी त्याला रजा मिळाली नव्हती. लिंबू तसंच राहिलं, आणि आम्ही दोघींनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दसऱ्याला दुपारी हत्यारं उचलली. मी कंट्रोलर पुसून घोडीवर बसले. कुरणात ऊन कोवळं होतं, गवतातून पांढरी फुलपाखरं उठत होती. रानाच्या तोंडाशी एक सोटेवाला आडवा आला. मी घोडीवरूनच तलवार काढली, सोटा अंगावर येईपर्यंत शहाण्यासारखी थांबले आणि अडवायचं बटण दाबलं. बटण दबेचना. फटीत कुंकू जाऊन घट्ट बसलं होतं. सोटा बसला, घोडी बिथरून मागच्या पायांवर उभी राहिली आणि माझा शिपाई चिखलात. रिकामी घोडी धुक्यात दिसेनाशी झाली.

मी आईवर ओरडायलाच वळले होते. पण वाती वळणारे तिचे हात थांबले होते. पडद्याकडे बघत ती म्हणाली, "त्याच्या मागं कोणी बसलं नव्हतं की."

"नव्हतं."

"तरी पडला?"

"घोडी बिचकली की पडतो माणूस. मागं कोणी असो नसो."

मांडीवरच्या कापसाकडे बघत ती म्हणाली, "त्या दिवशी डुक्कर मला आधी दिसलं. घाबरून मी तुझा खांदा ओढला, म्हणून गाडी कलंडली. मनगट बरं झाल्यावर तू कधी चल म्हणाली नाहीस. मला वाटलं, बरोबरच आहे. असलं माणूस मागं बसवून कोण नेईल?"

तिने खांदा ओढल्याचं मला आठवतही नव्हतं. दोन वर्षं मी तिची भीती जपत बसले होते आणि ती माझा राग, एकाच खोलीत, एकाच तळ्याकडे बघत. मला रडू आलं. राग कुणावर काढावा कळेना, म्हणून डुकरावर काढला. आई हसली.

दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्याकडे सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला घरोघर जातात. आत्याचं घर तळ्यापलीकडे आहे. शेजारच्या काकांनी किका मारमारून स्कूटर सुरू करून दिली. पानांची पिशवी मी पुढे अडकवली, आई मागे बसली. चाकाखालचं लिंबू फोडून गाडी निघाली, पण तिचा हात कुठेच लागेना. तिने मागची दांडी धरली होती, त्याच मोडलेल्या हाताने.

"खांद्यावर हात ठेव," मी म्हणाले.

"राहू दे. चुकून ओढला तर?"

"ओढ की. पुढं काहीतरी आहे, एवढं तरी मला कळेल."

तळ्यावर ऊन उतरलं होतं, पाण्याला सोनेरी झाक आली होती. वळण आलं तसा तिचा हात दांडीवरून निघून माझ्या खांद्यावर आला आणि आत्याच्या दारापर्यंत तिथेच राहिला.