आवळीखालचं चौथं पान

त्या वर्षी माझं देवाशी भांडण होतं. बंदी घातलेली पत्रकं वाचून मी वाढलो होतो. जुलूम करणारा निजाम आणि तो पाहत बसणारा देव मला सारखेच वाटत. श्रावणात माझी धाकटी बहीण यमू विषमज्वरानं गेली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अखेर दर्भाचा कावळा करून वडिलांनी विधी उरकला, पण आईच्या मनानं घेतलं की पोरीची इच्छा राहिली. तापातही ती सारखी म्हणायची, "बरी झाले की मला आवळीखाली जेवायला न्यायचं." तेव्हापासून आईनं अन्न सोडलं. वाटीभर दुधावर ती दिवस काढी. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. दुसरं माणूसही आता हातचं जाणार, हे आम्हाला दिसत होतं.

कार्तिकात परभणीबाहेरच्या सरकारी रानात गावातली बिऱ्हाडं वनभोजनाला निघाली. दुःखाच्या वर्षात सण नसतो, तरी आई म्हणाली, "आपणही जाऊ." रान दरवर्षीसारखंच होतं. गवत पिवळं पडलेलं, पोरी झाडांना झोके बांधून हसत होत्या. मला त्या रानाचाही राग आला. आम्ही तिघं, पण आईनं आवळीखाली चौथी पत्रावळ मांडली, भाकरी-भरीत वाढलं आणि समोर नुसती बसून राहिली. आई पानावर बसल्याशिवाय यमू कधी घास घेत नसे. आता आई तिच्यासाठी थांबली होती.

"अगं, घासभर तरी खा," वडील म्हणाले. ती हललीच नाही. मी वर पाहून मनात म्हणालो, असलास तर आत्ता ये.

आला तो जंगलाचा नाकेदार. पांढरी दाढी, अंगात सरकारी खाकी कोट.

"चूल कुनी पेटवली? वणवा लागला तर आमची नोकरी जाईल, मालक!"

मी तावातावानं उठलो. पण तेवढ्यात त्याचं लक्ष पानाकडे गेलं. "भरीत हाय जी? सकाळधरनं उपाशी फिरायलोय." वाढलेलं पान येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच असेल असं समजून तो जोडे काढून यमूच्या पानावर बसला. आमच्या पंगतीला मुसलमान माणूस कधी बसला नव्हता. वडील म्हणाले, "अहो, ते पान..." आईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

त्यानं भाकरी मोडली आणि घास हातातच धरला. "अम्मा, आधी तुमी बसा. मंग मी."

आईनं आपलं पान पुढे ओढलं. रडत रडत ती पहिला घास जेवली, मग दुसरा.

"भरीत लय तिखट हाय," तो नाक पुसत म्हणाला.

"आमच्या पोरीला तिखटच आवडायचं."

त्यानं पान पुढे सरकवलं. "मंग आनखी वाढा," एवढंच म्हणाला. जेवून झाल्यावर चुलीवर माती लोटून तो निघून गेला.

वडील म्हणतात, 'आधी तुमी बसा' असं कोणीही म्हणालं असतं. असेलही. एरवी मी कुणाशीही वाद घालतो, इथे घालत नाही. यमू परत आली नाही. घरातली तिची जागा रिकामीच आहे, आणि या राजवटीवरचा माझा रागही तिळभर कमी झालेला नाही. पण मी हाक मारली तेव्हा जो आला, तो मला नकोशा असलेल्या कोटात आला. हाक आपण मारावी. कोणत्या वेषात यायचं ते त्याचं त्याच्यावर सोडावं, एवढं मला कळलं.

आई आजही कार्तिकात जास्तीचं पान मांडते. आता ती आधी बसते, आणि मी वाटेकडे पाहत राहतो.