हजेरीतली दुसरबीडवाली

देऊळगाव राजाच्या ज्या जिनिंगमध्ये मी कापसातला पाला निवडायला बसायचे, ती बंद पडली. पुरुष गड्यांना कामावरून कमी केल्याची भरपाई मिळाली, आम्हा बायांना नाही. विचारायला गेले तर दिवाणजी म्हणाला, "तुमचं काय, तुम्ही घरी बसा." घरी बसायला मी कधी मोकळी होते ते त्यालाच ठाऊक. पण कायदा सरकारचा होता, राज्य नवंकोरं होतं आणि मी सातवी पास होते. सरळ बुलढाण्याची एसटी धरली.

मजूर ऑफिसात अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला गेले, तोवर कारकुनानं जिनिंगचं हजेरीपुस्तक मागवून घेतलं होतं. त्यानं पानं उलटली आणि मान हलवली.

"या नावाची बाई तिथं कामाला नव्हतीच."

मी पानावर बोट ठेवलं. मुकादमानं लिहिलं होतं, दुसरबीडवाली.

"हे तर गाव आहे, बाई."

"गावच हाय. मी त्या गावची लेक."

आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावानं हाक मारतात. सासू, शेजारीण, दुकानदार, सगळे. मुकादमाच्या तोंडात जे होतं तेच त्यानं लिहिलं. मलाही तोवर त्यात काही खटकलं नव्हतं.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं तोडगा सुचवला. नवऱ्यानं येऊन सांगावं की ही माझी बायको, मग भरपाई नवऱ्याच्या नावानं काढू. तिथं माझं डोकं फिरलं.

"पाला म्या निवडला, खोकला मले झाला, अन् पैसे त्यायच्या नावानं काऊन?"

माझा नवरा भला माणूस. मळ्यात भाजीपाला करायचा. पैसे त्यानं आणून माझ्याच हातात ठेवले असते. पण मला ते माझ्या कामाचे म्हणून, माझ्या नावावर हवे होते. फुकटची ओवाळणी नको होती.

मग सुरू झाल्या खेपा. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्जच सापडेना. एकदा म्हणाले मुकादमाचा दाखला आणा. गेले त्याच्याकडे. कागद पुढे ओढून, टाक शाईत बुडवून तो थांबला.

"वयनी, तुमचं नाव काय हो?"

इतके हंगाम रोज माझी हजेरी घेणारा माणूस हा. मला हसूच फुटलं. दाखला त्यानं बिचाऱ्यानं दिला, पण मालकाची सही नाही म्हणून तो ऑफिसात चालला नाही. त्या दिवशी परतीच्या एसटीत मात्र मला रडू आलं, आणि रागही.

पुढच्या खेपेला मी कारकुनाला ओलांडून थेट साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तुम्ही जिनिंगमध्ये या. आम्ही साऱ्या येतो. मुकादमाले हजेरी घेऊ द्या. जी उठंल ती बाई." साहेबांनी दौऱ्याची वही उघडून एक तारीख टिपली. मग म्हणाले, येतो.

आले खरे. आम्ही आमच्या जुन्या जागी ओळीनं बसलो. मुकादमानं पुस्तक उघडलं. मेहकरवाली. चिखलीवाली. दुसरबीडवाली. एकेक गाव उठून "हाव" म्हणत होतं आणि साहेब तिला तिचं स्वतःचं नाव विचारून समोर लिहून घेत होते. मी माझं खणखणीत सांगितलं.

माझ्या शेजारची जाफराबादवाली वयानं सगळ्यांत मोठी. ती उठली आणि गप्प राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"सांगते ना," ती म्हणाली. "बाप गेल्यापासून कोणी घेतलं नाही, साहेब."

मग तिनं हळूच सांगितलं. कितीतरी वर्षं आम्ही एकाच ढिगातला पाला निवडला होता, एका फडक्यातली भाकर खाल्ली होती, आणि तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

भरपाई आली, ज्याच्या त्याच्या, म्हणजे जिच्या तिच्या नावावर. मी सही केली, जाफराबादवालीनं अंगठा.

त्यानंतरच्या बाजारात मी मळ्यातली वांगी मांडून बसले होते. मागून कोणीतरी कोणाला तरी हाका मारत होतं. मी माझी वांगी लावत राहिले. शेवटी जाफराबादवालीनं येऊन माझा खांदा हलवला.

"कवाची तुलेच बोलावून राह्यली ना मी, तुह्या नावानं."