नवरदेवांच्या हातातला चाकू

भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आमचे आबा छत्री उघडायचे. तीही डोक्यावर नाही, आडवी. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वाडीतून एसटीच्या थांब्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवर एक वळण आहे, तिथे जाताना छत्री डाव्या बाजूला आणि येताना उजव्या. वळण संपलं की मिटून काखेत. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना उन्हाचा त्रास होत असेल. मी महाडची, स्वतःला शहाणी समजणारी, म्हटलं, "आबा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या का?" आबा खाली बघून हसले. सासूबाईंनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भाकऱ्या थापायला बसले. त्या वळणावर नामूभावोजींचं घर होतं.

नामूभावोजी म्हणजे आबांच्या चुलतभावाचा मुलगा, आमच्या ह्यांचा चुलतभाऊ. भावकीच. त्यांच्या घरापुढून तोंड लपवून जावं असं आबांनी काय केलं होतं, ते सासूबाईंनी मला पुढे कधीतरी तांदूळ निवडताना सांगितलं, आणि एकदाच सांगितलं. त्यासाठी आधी चाकूचं सांगायला हवं.

आबांच्या कोपरीच्या खिशात त्यांच्या वडिलांचा घडीचा चाकू असे. वडील मुंबईला गोदीत कामाला होते, तिथून आणलेला. शिंगाची मूठ, तिला एक बारीक चीर, आणि पातं काळंकुट्ट. सुपारी कातरायची, आंबा चिरायचा, नातवंडांच्या पेन्सिलींना टोक करायचं, रेडिओची वायर सोलायची, सगळं त्याच चाकूने. त्यांच्या हातांना त्याची इतकी सवय की बोलता बोलता तो कधी खिशातून बाहेर आला आणि कधी आत गेला, हे त्यांनाही कळत नसे. माझ्या मुलाचं नखसुद्धा एकदा त्याने कापायला निघाले होते. मी पोराला उचलून आत नेलं.

पण त्या चाकूचा खरा मान वेगळाच होता. भावकीत कुणाचंही लग्न असो, हळद लागली की नवरदेवाच्या हातात हाच चाकू द्यायचा, टोकाला लिंबू खुपसून. हळदीच्या अंगाने नवरदेव कुठे जाईल तिथे चाकू सोबत. नवऱ्याकडचं कुणीतरी लिंबू घेऊन आमच्या उंबऱ्याशी यायचं, आबा चाकू जमिनीवर ठेवायचे, येणाऱ्याने उचलायचा. हातात हात नाही. "हातात दिला का भांडान व्हतं," असं ते म्हणत. लिंबाने पात्यावर डाग पडायचे आणि आबा ते कधी घासू देत नसत. मला एकदा जवळ बोलावून म्हणाले, "ह्यो बघ, ह्यो तुझ्या नवऱ्याचा डाग." मी म्हटलं, "आबा, सगळं पातंच काळं आहे, त्यात नवऱ्यांची नावं लिहिलीत का?" तर म्हणाले, "वाचणाऱ्याला दिसतात."

एक डाग तेवढा त्यात नव्हता. नामूभावोजींचं लग्न ठरलं त्या वर्षी बांधावरच्या एका फणसावरून दोन घरांत बोलाचाली झाली होती. फणस कसला, तर बरका, त्याचे गरे कुणी फुकट खात नाही. हळदीच्या दिवशी नामूभावोजींचे वडील लिंबू घेऊन उंबऱ्याशी आले. आबा म्हणाले, "चाकू सापडत नाय." म्हातारा लिंबू घेऊन परत गेला. कुणीतरी पोलादपूरच्या बाजारात पळालं आणि लाल प्लॅस्टिकच्या मुठीची भाजी चिरायची सुरी घेऊन आलं. नवरदेव ती धरून बसला. तेवढ्यावर भागलं असतं, चाकू खरंच हरवला असेल असं लोक म्हणाले असते. पण दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात, अक्षता पडल्यावर, कुणीतरी आबांपुढे पानाचं तबक केलं. आबांनी गप्पांच्या नादात खिशात हात घातला, चाकू काढला, उघडला आणि सुपारी कातरायला लागले. समोर मुंडावळ्या बांधलेले नामूभावोजी उभे होते. त्यांनी पाहिलं. सगळ्या मांडवाने पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "धरणीमाय पोटात घेल तर बरं, असं झालं गो मला."

लाज ही अशी वस्तू आहे की घरात एकाने आणली की सगळ्यांना वाटून मिळते. मी तर तेव्हा ह्या घरात नव्हतेही, पण नळावर नामूभावोजींची बायको मंदाताई भेटली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं होई. ती कधी टोमणा मारायची नाही. उलट माझी कळशी उचलायला हात लावायची. एकदा जरी वाकडं बोलली असती, तरी मीही दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आमचे हे एमआयडीसीत कामाला. मोबाइल आल्यापासून ह्यांना एक नाद लागला: गंजलेल्या कुऱ्हाडी, कात्र्या घासूनपुसून आरशासारख्या करतात, ते व्हिडिओ बघायचे. मग चाकूच्या मागे लागले. "आबा, महाडला एक कारागीर आहे. मूठ बदलतो, पातं चकचकीत करून देतो. आजोबांची वस्तू अशी ठेवायची का?" मी म्हणायची, आजोबांची आहे म्हणूनच अशी ठेवायची. डाग गेले तर राहिलं काय? जेवताना आमचा हा वाद हमखास व्हायचा. आबा भात कालवत म्हणायचे, "तुमचं चालू द्या." महाडला न्यायला चाकू काही खिशातून बाहेर येत नसे.

मग नामूभावोजींच्या मुलाचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला ते स्वतः आले, उंबऱ्याबाहेर उभे राहून दिली आणि गेले. आबांनी पत्रिका देवापुढे ठेवली. मग ह्यांना हाक मारून म्हणाले, "घेऊन जा चाकू महाडला. साफ करून आण. त्या घरात असा काळा कसा न्यायचा?" मी म्हटलं, "आबा, डाग जातील." ते म्हणाले, "जाऊ दे. त्यात नाम्याचा डाग नाय, ह्येच दिसतं."

चाकू आला तो ओळखू येईना. नवी गुळगुळीत मूठ, पात्यात तोंड दिसावं असा. आबांनी उघडून मिटून पाहिला. म्हणाले, "बरा हाय," आणि खिशात न ठेवता रुमालात गुंडाळून ठेवला.

हळदीच्या संध्याकाळी आबा, हे आणि मी नामूभावोजींच्या अंगणात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, लिंबू घेऊन कुणी आलंही नव्हतं. ढोल थांबला. आबांनी रुमाल सोडला आणि चाकू जमिनीवर ठेवला. म्हणाले, "पोराच्या हातात दे, नामू."

नामूभावोजींनी चाकूकडे पाहिलं. उचलला नाही. रागही दिसेना चेहऱ्यावर. म्हणाले, "आबा, बसा, चाय घ्या. पन आमच्या घरात सुरी हाय आता."

मंदाताईने ती आणून दाखवली. लाल प्लॅस्टिकची मूठ, तडकलेली, वर दोऱ्याचे वेढे. पातं काळं. नामूभावोजींच्या पाठच्या दोघा भावांनी तीच धरली होती, खालच्या आवाठातली, त्या वस्तीतली माणसंही आता तीच मागायला येत. त्या घरच्या हळदीला आम्ही कधी गेलो नव्हतो, आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आम्हाला कोण सांगणार? आमचा लखलखीत चाकू अंगणात पडून होता. आबा तो उचलायला वाकले. वाकायला त्यांना वेळ लागे. हे मदतीला पुढे झाले, पण आबांनी हाताने थांबवलं. सगळी हळद बघत होती. माझी मान वर होईना.

घरी आल्यावर हे बिचारे म्हणाले, "आबा, लिंबू चोळलं की परत काळा होईल."

"लिंबू चोळून नवरे व्हत नायत रे," आबा म्हणाले. त्यांनी चाकू फडताळात ठेवला. सुपारीसाठी माझ्याकडून अडकित्ता मागून घेतला.

पुढच्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न. हळदीच्या दिवशी सकाळपासून हे चाकू शोधून, पुसून तयार. आबांनी परडीतलं एक लिंबू उचललं आणि पाखाडी उतरायला लागले. कुठे निघाले म्हणून मी मागे गेले. ते नामूभावोजींच्या उंबऱ्याशी थांबले. म्हणाले, "नातवाची हळद हाय. सुरी मागायला आलोय."

आजूबाजूच्या पडव्यांतून माणसं बघत होती. नामूभावोजी आत गेले. मी मनात म्हटलं, आता नाही म्हणतील, आणि त्यांचं काहीही चुकणार नाही. ते बाहेर आले, सुरी आबांच्या पायांशी जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "येतो आमी सगळी संध्याकाळी."

माझ्या मुलाने ती धरली. आबांनी हळदीत सगळ्यांना पान दिलं, नामूभावोजींना शेजारी बसवलं. लोक म्हणाले, चला, मिटलं एकदाचं. मलाही तसंच वाटलं. त्याच पावसाळ्यात आबा गेले. अंथरुणावर होते तेव्हा मी पेज भरवताना म्हटलं, "आबा, बरं झालं ना, नामूभावोजींनी मोठं मन केलं."

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"नाय म्हनायला हवं व्हतं गो त्यानं," ते म्हणाले. "त्याचा 'नाय'च घ्यायला मी गेलो व्हतो."