कॉम्प्युटरची पेटी

“तुझ्या बोटांना भजनी मंडळाची सवय आहे. ती काही आता जायची नाही.” सांस्कृतिक विभागाचे सर हे अगदी मायेनं बोलले होते. रागावून बोलले असते तर कदाचित मी विसरले असते. मायेनं बोलले, म्हणून ते वाक्य अजून टोचतं.

तेव्हा मी सांगलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुंडलजवळच्या आमच्या गावातून मी रोज एस.टी.नं यायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजातली माणसं जे सांगतात ते बरोबरच असणार, असं मी धरून चालायचे. आपलं आणि त्यांचं जुळलं नाही तर चूक आपली.

पेटी मात्र मला शाळेपासून येत होती. माझे चुलते भजनात गायचे. त्यांच्या मंडळाचा पेटीवाला साखर कारखान्यात लागला, त्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि आण्णांनी, म्हणजे चुलत्यांनी, मला उचलून मारुतीच्या देवळात पेटीपुढं बसवलं. गावात थोडी कुजबुज झाली, मग थांबली. आण्णांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली: पेटीनं गाणाऱ्याच्या मागनं चालायचं. “म्होरं पळायचं न्हाई. मी कुठं वळतोय ते आधी बघ, मग तू वळ.” गाणारा सूर घेणार आणि पेटी सावलीसारखी त्याच्या पायाला पाय लावून येणार. आमच्याकडच्या सगळ्या भजनी पेट्या अशाच वाजतात. या शिकवणीचा पुढं माझ्याविरुद्ध उपयोग होईल हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

त्या वर्षी युवा महोत्सवात आमच्या कॉलेजचं समूहगीत जाणार होतं. साथीला कीबोर्ड हवा होता आणि कॉलेजकडं तो नव्हता. तेव्हा कॉलेजसमोरच्या कॉम्प्युटर क्लासचे मालक पुढं आले; मीही तिथं एक बॅच लावली होती. त्यांच्याकडं एक मल्टिमीडिया कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेला एक मुका कीबोर्ड. मुका म्हणजे त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. पट्टी दाबली की कॉम्प्युटरला कळायचं, आणि त्यातलं एक सॉफ्टवेअर आवाज तयार करून स्पीकरमधून सोडायचं. त्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात हे मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. बाकीची कॉलेजं कीबोर्ड आणतील, आपण कॉम्प्युटर नेऊ, ही कल्पना सरांना फार आवडली. मालकांना स्टेजवर आपल्या क्लासच्या जाहिरातीचा बोर्ड हवा होता. आणि संघात पेटी येणारी मी एकटीच होते.

मालकांच्या एका सीडीत असे दोन सिंथेसायझर होते. “नवशिक्याला कुठला बरा?” असं मी घाबरत विचारलं.

“अगं, विचारायचं काय त्यात? हा मोठा घे. पियानो, व्हायोलिन, सनई, सतार, ढोल, सगळं येतं यात. दुसरं काही लागणारच नाही तुला.” त्यांनी डेमोचं बटण दाबलं. सनई आणि व्हायोलिन एकदम उठली, मागून ढोल आला. टायपिंग करणारी पोरं मान वळवून बघायला लागली. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी दुसरा, लहान सिंथेसायझर उघडला. त्यात वाद्यांची नावंच नव्हती. पट्टी दाबली की भुंग्यासारखी नुसती घूं व्हायची, आणि पडद्यावर फिरवायच्या खुंट्याच खुंट्या. “हे खेळणं आहे,” मालक म्हणाले आणि बंद करून टाकला.

मी मोठा घेतला. कुणीही तोच घेतला असता. पण आता राग येतो तो या निवडण्याच्या रीतीचाच. यात काय काय आहे एवढंच मला दाखवलं गेलं. मी पट्टीवर बोट ठेवलं की काय होतं, हे बघायला कुणी सांगितलं नाही. डेमो तर आपला आपण वाजतो. त्यात कुणाचं बोटच नसतं.

क्लासात टायपिंगवाल्यांना त्रास नको म्हणून मी हेडफोन लावून सराव करायचे. समूहगीतात मला व्हायोलिनचा आवाज दिला होता. तो मुळातच हळूहळू फुलत वर येणारा, त्यामुळं मला काही खटकलं नाही. पहिल्या तालमीला स्पीकर लावले, तबला सुरू झाला, आणि मी प्रत्येक ओळीत मागं पडायला लागले. थोडीशीच, पण प्रत्येक वेळी.

तबल्यावर मिरजेचा एक मुलगा होता. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाणंबजावणं. त्यानं तबला थांबवला. “काय गं, एस.टी. चुकली वाटतं?” सगळे हसले. पुढच्या ओळीला पुन्हा तेच झालं. “हिची रोज एकच गाडी चुकते बघा, सर.”

सरांनी मला विचारलं, तू पेटी शिकलीस कुठं? मी सांगितलं. गाणाऱ्याच्या मागून चालायचं हेही सांगितलं, भाबडेपणानं. सरांचा चेहरा उजळला, जणू आजार सापडला. “बघा, तरीच. भजनी सवय. तालाचं कसं आहे, ते घरातूनच यावं लागतं.” आणि मग ते मायेचं वाक्य. सुधारायला त्यांनी मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ दिला.

मला ते पटलं. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. तरी एकदा धीर करून मी मालकांना विचारलं होतं, “सर, यातून आवाज जरा उशिरा येतो का?”

“कॉम्प्युटर उशीर करतो होय गं?” ते टायपिंगच्या पोरांकडं बघून मोठ्यानं म्हणाले. “मोजायचंच मशीन ते. तू वेळेवर दाब, तो वेळेवर वाजवतोय का नाही बघ.”

मग मी माझी बोटं मोडायला काढली. मोडायला म्हणजे त्यांची चाल मोडायला. तबल्याचा ठोका पडायच्या आधीच पट्टी दाबायची. मनातला आण्णांचा आवाज दाबून टाकायचा. ते म्हणायचे मागनं ये, मी स्वतःला सांगायचे पुढं हो. एस.टी.त मांडीवर बोटं आपटत बसायचे, शेजारची बाई सरकून बसायची. हळूहळू जमायला लागलं. कॉम्प्युटरवरचं व्हायोलिन तबल्याच्या जवळ येऊ लागलं.

शनिवारी देवळात भजन होतं. आण्णांनी अभंग उचलला, मी पेटी धरली. दोन ओळींतच ते थांबले आणि टाळही थांबले.

“काय गं, कुठं निगालीस? मी आजून उंबऱ्यात हाय आन तू येशीला पोचलीस.”

मृदंगवाले काका गालात हसत म्हणाले, “सांगलीच्या पोरी लय फास झाल्या, आण्णा. तुमी गाडी घ्या आता.”

पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. माझी बोटं आण्णांच्या आधी सुरावर जाऊन बसत होती. आण्णा रागावले नाहीत. त्यांनी पुढचा अभंग घेतला आणि माझ्याकडं न बघता गायले. माझ्याकडं बघून गायची त्यांची सवय होती.

भजन संपल्यावर मी देवळाच्या पायरीवर बसून राहिले. कॉम्प्युटरवर जी बोटं आता बरोबर वाजत होती, तीच पेटीवर पळत होती. पेटीचा सूर पट्टी दाबल्याबरोबर निघतो. त्यात काही घोळ नाही, ती नुसती हवा आहे. मग दोन्हींपैकी खोटं कोण बोलतंय? एवढा सरळ प्रश्न मला इतके दिवस पडला नव्हता. कारण एका बाजूला कॉम्प्युटर होता, सर होते, सांगली होती, आणि दुसऱ्या बाजूला फक्त मी.

सोमवारी पहिल्या बॅचच्या आधी मी क्लासात गेले. हेडफोन काढून ठेवले, स्पीकर लावले आणि व्हायोलिनऐवजी ढोल निवडला. पट्टी दाबली. आधी प्लॅस्टिकच्या पट्टीचं टक ऐकू आलं. मग, सावकाश, ढोलाचं ढप. दोन्हींच्या मध्ये सरळ सरळ फट होती. टक, ढप. टक, ढप.

मग तो लहान, खेळणं म्हटलेला सिंथेसायझर उघडला. पट्टी दाबली आणि टक आणि घूं एकदमच आले. जशी पेटी.

मोठ्याच्या आत शोधत गेले तेव्हा एका खिडकीत एक सरकपट्टी सापडली. आवाज पाठवण्याआधी तो किती साठवून ठेवायचा, ते ती ठरवत होती. कुणीतरी ती पार टोकाला नेऊन ठेवली होती. मी खाली ओढली. ढोल लगेच यायला लागला, पण तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरत. त्या मशीनला तो मोठा सिंथेसायझर झेपतच नव्हता.

तेवढ्यात मालक आले. पडदा बघून म्हणाले, “अगं अगं, तिला हात लावू नकोस. ती मीच वर ठेवलीय. खाली आणली की आवाज फुटतो, डेमो ऐकणाऱ्यांना वाटतं मशीन खराब आहे.”

“म्हणजे आवाज उशिरा येतो हे तुम्हाला माहीत होतं?”

“थोडा येतो. सगळीकडं येतो.”

“मी तुम्हाला विचारलं होतं, सर. सगळ्यांच्या पुढं.”

“मग सगळ्यांच्या पुढं काय सांगू? बॅच भरायचे दिवस होते.” ते खुर्चीवरची धूळ झटकत बोलत होते. “आणि तू काय एवढं मनावर घेतलंस? शिकतीयसच अजून.”

तालमीच्या आधी मी सरांना हात जोडून क्लासात आणलं. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, तुम्हीच दाबा. त्यांनी एका बोटानं पट्टी दाबली. टक, ढप. पुन्हा दाबली. मग हात मागं घेऊन म्हणाले, “हं. येतो खरा उशिरा.”

मी वाट बघत उभी राहिले. कशाची वाट बघत होते? सर ते वाक्य परत घेतील याची.

“पण आता मी दुसरी व्यवस्था केलीय,” ते म्हणाले. तबल्यावरच्या मुलाचा चुलतभाऊ आमच्याच कॉलेजात होता, तो घरचा कीबोर्ड आणणार होता. “तू असं कर, तानपुरा धर. त्याला तालाचा प्रश्नच नाही.”

त्याला तालाचा प्रश्नच नाही. म्हणजे मशीनचा उशीर त्यांनी स्वतःच्या बोटानं बघितला, तरी माझा प्रश्न त्यांच्या लेखी शिल्लकच होता. उशिराचं कारण बदललं, माझ्याबद्दलचं मत बदललं नाही. मी तोवर कुठल्याच सरांना नाही म्हटलं नव्हतं. माझा आवाज इतका लहान निघाला की त्यांनी “काय?” असं विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. “मी तानपुरा धरणार नाही, सर. माझा ताल बरोबर होता.”

“राग नको एवढा,” सर म्हणाले. पुन्हा मायेनंच.

महोत्सवाला मी प्रेक्षकांत बसले होते. स्टेजवर कीबोर्ड त्या मुलाचा वाजला, आणि त्याच्या शेजारी आमचा कॉम्प्युटर नुसता मांडून ठेवला होता, बोर्डासकट. पडद्यावर रंगीत रेषा हलत होत्या. लोकांना वाटलं असेल, काय सुंदर वाजतोय.

क्लासची माझी बॅच संपेपर्यंत मी तो लहान सिंथेसायझर सोडला नाही, आणि मालकही माझ्या वाटेला आले नाहीत. खुंट्या फिरवत गेलं की ती घूं पेटीसारखी होई, आणखी फिरवली की सनईच्या जवळ जाई, आणि चुकून एकदा गोठ्यातल्या म्हशीसारखी झाली. नाव एकाचंही नव्हतं त्यात. पण जे काही निघायचं ते माझ्या बोटाबरोबर निघायचं. आज कुणी नवखं मला विचारतं, सगळं येणारा कुठला घेऊ? मी म्हणते, डेमो बंद कर आणि ढोल लावून पट्टी दाब.

तालीम सोडली त्याच आठवड्याच्या शनिवारी मी पुन्हा पेटीपुढं बसले. आण्णांना काही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी कुठून सुरू करणार? त्यांनी अभंग उचलला. मी थांबले, ते कुठं वळतात ते बघितलं आणि मग वळले. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. त्यांनी गाता गाता माझ्याकडं बघितलं.

अभंग संपल्यावर ते पाणी प्यायले. “आली बया जाग्यावर,” ते म्हणाले. मग पेटीकडं बोट करून, “पर त्या भात्यावर का राग काढतीस? फाटला तर दुरुस्तीला मिरजंला कोण घिऊन जाणार?”

मी हात सैल सोडला. पुढचा अभंग सुरू झाला, तरी भाता जरा जोरातच हलत होता.